डाव्या हाताचा विळा

बाजाराची पिशवी घरात आल्यावर आधी कुणाच्या हातात पडते, यावरून त्या घरात चालतं कुणाचं हे कळायचं. आमच्या घरात ती आजीच्या हातात पडायची. सांगोल्याचा रविवारचा बाजार करून दादा आणि दोघं चुलते दिवस मावळायला यायचे. आजी सोप्यात पाय पसरून बसलेली असायची. पिशवी तिच्यापुढं पालथी व्हायची. मीठ, मिरची, गूळ, चहापूड, पोरांना गोडी शेव, सगळं ती हातानं चाचपून बघायची आणि मगच ते आत जायचं. आई आणि दोघी चुलत्या दाराआड उभ्या असायच्या. त्यांच्यासाठी त्या पिशवीत वेगळं काही नसायचं. दिवाळीला तिघींना लुगडी यायची, ती एकाच रंगाची आणि एकाच काठाची. वाळत घातली की कुठलं कुणाचं, हे त्यांनाच ओळखू यायचं.

नवऱ्यानं एकट्या आपल्या बायकोसाठी काही आणणं म्हणजे घर फोडायची पहिली पायरी, असं सगळे समजायचे. भाऊ हसायचे, गावात नाव पडायचं. आणि खरं सांगायचं तर आणायला पैसा तरी कुणाजवळ होता? दुधाचे पैसे, कडब्याचे पैसे, शेंगाचे पैसे, सगळे आज्याच्या कनवटीला. तीस-पस्तीस वर्षांचे बाप्ये, पण बिडीकाडीला आज्यापुढं उभं राहायचे.

आता लग्नाचा वाढदिवस, पाडवा, आणखी काय काय निघालंय, त्याला नवराबायको एकमेकांना काही ना काही देतात. चांगलं आहे. त्यावरून कुणी म्हणतं, आमच्या आईबापांना असलं काही ठाऊक नव्हतं. मला ते पटत नाही. देत होते. फक्त ते कुणाला दिसू द्यायचं नसायचं.

माझ्या दादाच्या डोक्याला पटका असायचा. त्या पटक्याच्या पिळात काय काय मावायचं! कुंकवाची पुडी, मेणाची डबी, दातवणाची पुडी, टाचांच्या भेगांवर लावायला आमसुलाच्या तेलाचा एवढासा गोळा. पिशवीची झडती व्हायची, पटक्याची होत नव्हती. गजरा मात्र कधी आणता यायचा नाही, कारण वास चुगली करतो. पिकला आंबाही तसाच. म्हणजे काय आणायचं हे ठरवताना किंमत बघायची, आईला लागतंय का बघायचं आणि त्याला वास येतो का, तेही बघायचं.

हे सगळं मला कसं ठाऊक? मी थोरला. आई पहाटे जात्यावर बसली की तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी झोपायचो. जात्याची घरघर आणि मांडीचा हेलकावा, त्यासारखी झोप पुन्हा लागली नाही. घरात पहाटे चारला जात्याकडं तिच्याशिवाय कुणी फिरकायचं नाही. म्हणून दादा आणलेली वस्तू रात्री जात्याच्या पाळूत ठेवायचा. हातात द्यायचा नाही, बोलायचा नाही. पहाटे चिमणीच्या उजेडात आईला ती सापडायची.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आमची सगळी मंडळी खडी फोडायच्या कामावर जायची. दुपारी सुकडी मिळायची, घरी रेशनवरचा लाल मिलो. त्या मिलोच्या भाकरी तोंडात फिरायच्या, पण पोटाला आधार तोच होता. आईला खडीची सवय नव्हती. डाव्या हातानं दगड धरायचा आणि उजव्या हातानं हातोडी मारायची. रोज एखादं तरी बोट चेचायचं. रात्री भाकरी थापताना ती बोटं उचलून धरायची, नुसता तळवा वापरायची. पीठ लागलं की झोंबायचं. दादानं बघितलं असणार. पण सगळ्यांदेखत बायकोची बोटं कोण हातात घेतो?

एका पहाटे जात्याच्या पाळूत रबराची तीन टोपणं होती. सायकलच्या जुन्या ट्यूबची कापून, कडेला सुतळीनं शिवलेली. अंगठा आणि शेजारची दोन बोटं, अशा तीन बोटांची. आईनं घालून बघितली, बरोबर बसली. खाली वाकून मला म्हणाली, "झोप तू." मी झोपेचं सोंग घेतलं. त्यानंतर ती रोज टोपणं ओच्यात खोचून न्यायची. कामावर कुणी विचारलं, तर सापडली म्हणायची. ती ट्यूब दादानं पंक्चरवाल्याकडून मागून आणली होती, म्हणजे पैसा एक लागला नाही.

आईकडूनही जायचं. सुगीत रानात भाकरी न्यायची पाळी आली की ती दोन भाकरी एकावर एक ठेवायची आणि मधे लोण्याचा गोळा. वरून बघितलं तर सगळ्यांच्या सारख्याच भाकरी. लोण्याची उतरंड आजीच्या नजरेखाली असायची, तिथून बोटभर लोणी काढणं म्हणजे जोखमीचंच काम. दादा रानात भाकरी मोडायचा तेव्हा मुद्दाम बांधाकडं तोंड करून बसायचा. मला वाटायचं ऊन लागतंय म्हणून बसतो.

माझं लग्न १९८२ साली झालं. आहेराची वही अजून माझ्याकडं आहे. टॉवेल-टोपी, खण, ताट, तांब्या, पाच रुपये, अकरा रुपये. त्यातले टॉवेल आणि खण पुढं चार वर्षं गावातल्या लग्नांत फिरत होते. एक खण फिरून आमच्याच घरी परत आला, माझ्या मंडळीनं त्याचा काठ ओळखला. नवराबायकोला द्यायचं ते असं देऊ नये. सुतारमामांनी मात्र बाभळीची काठवट कोरून आणली होती. तिचं वजन एवढं, की कुणाला पुढं द्यायची म्हटलं तरी उचलवत नाही. चाळीस वर्षं आमच्या दोघांच्या भाकरी तिच्यातच मळल्या जातायत. बाकीचा आहेर कुठं गेला, मला सांगता येणार नाही.

लग्नानंतर मीही त्याच वाटेनं गेलो. आता पिशवी आईच्या हातात आली होती. आजी गेली, पिशवीची रीत राहिली. पहिल्या आषाढीला मी पंढरपूरला चाललो होतो. खिशात स्वतःचे सात रुपये होते, बैल विकताना दलालानं पानसुपारीला दिलेले. पंढरपूरला गेलेल्या माणसानं बांगड्या आणायच्या, पण माप कसं घ्यायचं? "तुझा हात दाखव" असं विचारायची सोय नव्हती. धुणं आपटताना तिची एक बांगडी वाढवली होती, तिचा अर्धा तुकडा मोरीपाशी सापडला. तो कागदात गुंडाळून नेला.

पंढरपूरच्या कासारानं तुकडा दुसऱ्या बांगडीवर टेकवून बघितला. म्हणाला, "सव्वादोन. दोन-चार म्हणतो आम्ही." दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर इंचाच्या सोळा भागांतले चार. मग त्यानं विचारलं, "ही उजव्या हातातली का डाव्या?" मी म्हटलं, काय फरक पडतो? तर म्हणाला, "कामाचा हात रुंद असतो पावणं. बहुतेक बायकांचा उजवा. डाव्याच्या मापानं न्याल, तर उजव्यात चढायची न्हाय."

मला ते सांगता आलं नाही, पण एक गोष्ट मला ठाऊक होती. माझी बायको डावरी होती. घरात चौघांसमोर ती सगळं उजव्या हातानं करायची. वाढायची, ओवाळायची, पाणी द्यायची. सून डावरी असणं आमच्याकडं चांगलं मानत नसत. तिच्या आईनं लहानपणी उलथनं मारून मारून तिचा हात वळवला होता. पण अंधारात काही धरायचं झालं, दचकून काही झेलायचं झालं, की डावा हात पुढं यायचा. मी कासाराला म्हटलं, "कामाच्याच हाताचं माप हाय." हिरव्या बांगड्या दोन्ही हातांत चढल्या. घरात तिनं सांगितलं, मामीनं भरल्या. आईनं मामीला कधी विचारलं नाही.

मधेच पाडव्याचं सांगतो, कारण तो आठवला की मला हसू येतं. दिवाळीच्या पाडव्याला बायका नवऱ्याला ओवाळतात, नवऱ्यानं ताटात ओवाळणी टाकायची. आमच्या घरी आई सकाळी आम्हा भावांना एकेक रुपया वाटायची. आम्ही तो ताटात टाकायचो. संध्याकाळी सुना तो रुपया सासूच्या हातावर ठेवायच्या. दोन वर्षं मला वाटतं तेच रुपये होते.

तिच्या डाव्या हाताचं खरं दुखणं घासाच्या वाफ्यात होतं. घरात दोन म्हशी, चार बैल. रोज तिन्हीसांजेला घास कापायचं काम तिच्याकडं. दात्यांच्या विळ्याचे दाते एकाच अंगानं काढलेले असतात. उजव्या हातात धरला की सरसर कापत जातो. डाव्या हातात धरला की घसरतो, गवत कापायच्या ऐवजी ओढलं जातं, मनगट उलटं वळवावं लागतं. तिला उजव्या हातानं कापायला जमायचं नाही आणि डाव्या हाताला विळा जमायचा नाही. धाकट्या वहिनीचा भारा बांधून व्हायचा तरी हिचा वाफा अर्धा. आई म्हणायची, "हात चालत न्हाय व्हय गं तुझा?" ती गप्प बसायची. रात्री मनगटाला हळद-चुना लावायची आणि विचारलं तर म्हणायची, "काय न्हाय, वात आलाय."

बावीस-तेवीस वर्षांच्या पोरीला कसला आलाय वात?

१९८६ च्या सुगीनंतर मी नांगराचा फाळ शेवटायला लोहाराकडं गेलो होतो. फाळ तापत होता तेव्हा मी विचारलं, "मामा, डाव्या हाताचा इळा करता येतोय का?" लोहारमामांनी भाता थांबवला. म्हणाले, "आजवर कुणी सांगितला न्हाय. कुणाला?" मी गप्प. त्यांनी पुन्हा भाता ओढला. "करायला काय, दातं दुसऱ्या अंगानं पाडायचं. हात तेवढा उलटा चालवाय लागंल माझा."

ट्रकच्या पाट्याचा एक तुकडा त्यांच्याकडं पडून होता. त्याचा विळा केला. पालथा ठेवून छिन्नीनं एकेक दाता पाडला, दोन वेळा चुकला म्हणून कानशीनं घासून पुन्हा पाडला. मूठ बाभळीची, नेहमीपेक्षा बारीक, कारण मी सांगितलं हात लहान आहे. बारा रुपये आणि दोन पायल्या जोंधळा. जोंधळा खळ्यावरून परस्पर गेला.

आता अडचण अशी, की विळा काही पटक्यात मावत नाही. आणि मी पटका बांधत नव्हतो, टोपी घालायचो. फाळाबरोबर विळा उघडाच घेऊन घरी आलो. आईनं हातात घेतला. नवी वस्तू आली की ती वापरून बघायची तिची सवय. गोठ्यात गेली, पेंढीतलं गवत धरून विळा ओढला. कापेना. पुन्हा ओढला. मग विळा डोळ्यांजवळ धरून तिनं दात्यांवरून अंगठा फिरवला.

"ह्यो कुणाला आणलास?"

"घरात एक असावा म्हणून."

आईनं माझ्याकडं बघितलं. मग चुलीपुढं बसलेल्या सुनेकडं बघितलं. मला वाटलं आता बोलणार. तिनं विळा सगळ्या विळ्यांपासून बाजूला, गोठ्याच्या मेढीला वेगळ्या खिळ्यावर अडकवला आणि मोठ्यानं म्हणाली, "ह्या इळ्याला कुणी हात लावू नका गं. बोट कापंल."

आमच्या घरात तेव्हा माणसं चौदा. लुगडी सारखी, भांडी सगळ्यांची, कंगवा एक, आरसा एक. त्या घरात हिच्या एकटीच्या मालकीची, दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचीच नाही अशी ती पहिली वस्तू. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला ती घासाचा भारा घेऊन आली ती धाकट्या वहिनीच्या आधी. त्या रात्री हळद-चुना लावला नाही. आईनंही पुन्हा कधी हात चालत नाही म्हटलं नाही. उलट एकदा शेजारीण, सून डावखुरी आहे का, म्हणून विचारायला लागली तेव्हा आई म्हणाली, "दोन्ही हातांनी काम करती माझी सून. तुझी एका तरी हातानं करती का?"

१९९४ ला वाटण्या झाल्या. पिशवी आता आमची, कुणापासून लपवायचं नव्हतं. मी काही काही आणलं. साड्या, पायातल्या पट्ट्या, कुकर, एकदा डाळिंबाचे पैसे आले तेव्हा सोन्याच्या पुतळ्या. त्यातलं बरंचसं बाजारातून पैशानं आलं. त्याचं सांगण्यासारखं फारसं नाही.

२००८ च्या सुमाराला डाळिंबावर तेल्या आला. आमच्या भागात ज्यांच्या बागा होत्या त्यांना सांगायला नको. फळावर तेलकट काळे डाग, मग चिरा, मग झाडाखाली सडा. फवारण्यांवर फवारण्या केल्या. पुतळ्या गहाण गेल्या, त्या सुटल्या नाहीत. शेवटी बाग उपटली आणि पुन्हा गहू, मका, घास. बागेला ठिबक होतं, गव्हाला पाटानं पाणी. लाईट यायची रात्री, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशी पाळी. रात्री बाराला मोटार सुरू करायची आणि पहाटेपर्यंत अंधारात दारं धरायची. पायात चप्पल चिखलात रुतते म्हणून अनवाणी. त्याच वर्षी शेजारच्या वस्तीवर एकाला पाणी धरताना घोणस चावली. दवाखान्यात नेईपर्यंत राहिला नाही.

तिनं मला काही म्हटलं नाही. तिनं बांधावर शेवग्याची पाच-सहा झाडं लावली होती. शेंगांच्या पेंढ्या बांधून बाजाराला न्यायची. ते पैसे साखरेच्या डब्यात असायचे, मी त्यात कधी हात घातला नाही. त्या वर्षी पाडव्याला तिनं ओवाळलं. माझ्याजवळ टाकायला पन्नासची नोट होती, ती टाकली. तिनं ताट खाली ठेवलं, आत गेली आणि गुडघ्यापर्यंतचे काळे गमबूट आणून माझ्यापुढं ठेवले. दोनशे चाळीस रुपयांचे. माप बरोबर माझं. नंतर कळलं, माझी जुनी चप्पल पिशवीत घालून बाजारात नेली होती.

मी म्हटलं, "गमबूट घालून दारं धरायला कोण जातं गं? गाव हसंल की."

ती म्हणाली, "अवो, घाला तुम्ही. तुम्ही रातचं रानात गेला की मी बारापासून जागी असते. एक वाजला, दोन वाजलं, मोजत बसते. हे घातलं की मला तरी झोप लागंल."

तेव्हा मला समजलं, की इतकी वर्षं रात्रीच्या पाळीला आम्ही दोघं जागे होतो. गाव हसलं. दुसऱ्या वर्षी गावात आणखी सात-आठ जणांच्या पायात गमबूट होते.

परवा आमच्या आळीतला एक पोरगा आला. लग्नाला दोन वर्षं झालीत. खाली मान घालून म्हणाला, "तात्या, लग्नाचा वाढदिवस आलाय. पाचशे रुपये हायती. मोबाईलवर बघतोय तर हजाराच्या आत धड काय न्हाय. दिलाच्या आकाराची उशी हाय, फोटू छापलेला कप हाय. तुम्ही काय सांगता?"

मी त्याला उशी घेऊ नको म्हटलं नाही. कपही वाईट नाही, चहा तरी पिता येतो. मी विचारलं, तुझी बायको दिवसभरात कुठं अडते? तो म्हणाला, "ठाऊक न्हाय." म्हटलं, आठ दिवस बघ, तोंडानं विचारू नको. विचारलं की बायका "काय नको" म्हणतात, आणि तेही खरंच असतं.

आठ दिवसांनी आला. त्याची बायको बारावी झालेली, पोलीस भरतीचा अभ्यास करते. पहाटे पाचला तिला पळायला जायचं असतं, पण तीच वेळ म्हशींच्या धारांची. धारा काढून पळायला जाते तोवर ऊन होतं, रस्त्यावर माणसं होतात, ती लाजते आणि परत येते. त्याला हे दोन वर्षांत दिसलं नव्हतं. म्हणाला, "तात्या, धारा मीच काढतो आता. पाचशे तसंच राहिलं."

"त्याचं बूट आण तिला," मी म्हटलं, "पळायचं." मग तोच म्हणाला, पाचशेत चांगले येत नाहीत, आणखी दोनशे घालावे लागतील, ते दुधाच्या बिलातून काढतो.

तिची भरती व्हायचीय अजून. त्याच्या हाताला म्हशीनं पान्हा सोडायला मात्र चार दिवस घेतले. पहिल्या दिवशी लाथ बसली, ते तो घरात कुणाला सांगत नाही.